धुतलेली गादी

भर दुपारी दिवेवालीने मेलेल्या मुलीच्या झोपायच्या खोलीचे पडदे ओढले, दाराखालची फट टॉवेलने बुजवली आणि नारिंगी चष्मा चढवला. प्रयोगशाळेत तिला सगळे दिवेवालीच म्हणत. निळ्या दिव्याखाली चमकणारे लाळ, वीर्य, लघवीचे डाग हुडकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मुलीचा नवरा सांगत होता, बायको बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि जागीच गेली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला मात्र वाटत होतं, तिला बिछान्यातच उशीने दाबलंय. तसं असेल तर जीव जाताना लघवी सुटलेली असणार. गादीवर तो डाग मिळाला की नवऱ्याची थाप उघडी पडली असती. सगळी भिस्त त्या गादीवर होती.

तिने दिवा लावला. या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खी गादी उजळली होती. ही चमक कपडे धुण्याच्या पावडरीची; तिच्यात डाग वेगळा दिसणं शक्य नव्हतं. नवऱ्यानेच गादी धुऊन पुरावा घालवला असं धरून ती तणतणत बाहेर आली.

दाराशी स्टुलावर मेलेल्या मुलीची आई बसली होती. गादी धुतली कुणी, असं विचारल्यावर ती म्हणाली, मीच, फार धूळ बसली होती. दिवेवालीने तिला आत नेलं आणि तो डाग काय सांगणार होता ते काही न लपवता सांगितलं. आई गादीजवळ गेली.

"ओली होती," ती म्हणाली. "पोलिसांच्या आधी मी आले. चार माणसं येणार, बघणार. जाताना लेकीची शोभा नको म्हणून तीन पाण्यांनी धुतली."

"कुठे ओली होती?"

आईने दोन्ही तळवे गादीवर ठेवून दाखवलं. "तुमच्या दिव्यात अजिबात दिसत नाही?"

"नाही."

"मग मी कोर्टात उभी राहून सांगते. चारचौघांत सांगते. चालेल ना?"

आईचंच बोलणं, तेही धुऊन टाकल्यानंतरचं. जावयाचा वकील त्याच्या चिंध्या करणार, हे दिवेवालीला दिसत होतं. तिला त्या बाईची फार दया आली, पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"सांगा जरूर. पण तेवढ्यावर भागायचं नाही, आई."

आई तिथेच जमिनीवर बसली.

"मी मेली नेहमीच फार घासते," ती म्हणाली. "ती हसायची मला."