पाठीवरची बारीक अक्षरं

मित्रांनो, तासगावजवळच्या एका बेदाणा शेडमध्ये, दारामागच्या खिळ्याला एक जुनी गोणी टांगलेली दिसली तर ती मी. कुत्र्याच्या खाद्याची, वीस किलोची. आज माझ्या पोटात काहीच नाही, तरी मी सुखात आहे.

कारखान्यात माझ्या पोटावर एका झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याचं चित्र छापलं. त्या चित्राचा मला फार तोरा होता. पाठीवर नुसती बारीक अक्षरं होती. वजन, किंमत, बनवल्याचा महिना, तक्रारीसाठी फोन नंबर. हे कायद्याने छापावंच लागतं. शिवाय आत काय काय आहे, जे सर्वांत जास्त ते आधी. 'मोठ्या कुत्र्यांसाठी संपूर्ण आहार', म्हणजे नुसता वरचा खाऊ नव्हे. आणि अगदी खाली एक चौकट. ती अक्षरं मला खरजेसारखी वाटायची.

सांगलीच्या दुकानात निवृत्त सुभेदार दादासो आले. त्यांनी चित्र पाहिलं, "ह्यो बरा दिसतोय" म्हणाले आणि मला उचललं. पाठ कुणी पाहिली नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही.

त्यांच्या शेडची राखण बिजली करायची. मी जराशी सळसळले तरी ती शेपटी हलवत धावत यायची. दीड महिना ती माझ्यातलं खाऊन चांगली तकतकीत झाली. तिचा माझ्यावर जीव होता आणि माझा तिच्यावर.

मग मी रिकामी झाले. आमच्याकडे न फाटलेली गोणी कुणी फेकत नाही. दादासोंच्या पत्नी तानुबाईंनी निवडणीतले बारके, डागी बेदाणे माझ्यात भरले आणि मला कोपऱ्यात ठेवलं. सगळे चहाला गेले. बिजली आली. गोणी तीच होती आणि वासही तोच. आतलं बदललंय हे तिला कोण सांगणार? तिने विश्वासाने तोंड घातलं आणि पोटभर बेदाणे खाल्ले. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दादासो आणि तानुबाई परत आले. सांडलेले बेदाणे भरायला दादासोंनी मला उचललं, तशी माझी पाठ वर आली. त्यांनी चष्मा लावला आणि ती चौकट वाचली. 'कांदा, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे कुत्र्याला देऊ नयेत.'

"आगं, बेदाणं कुत्र्याला इख हाय म्हनं."

"आवं, आपल्या जुन्या कुत्र्यानं लय खाल्लं. त्याला कवा काय झालं न्हाई."

"आन् हिला झालं तर?"

तानुबाईंनीच जीपचं दार उघडलं. बिजलीबरोबर मलाही नेलं.

जनावरांच्या डॉक्टर पल्लवींनी विचारलं, "कधी खाल्लं? किती?"

"आत्ताच, आर्ध्या घंट्यापूर्वी. दोन-तीन वंजळी तरी आसतील."

त्यांनी लगेच बिजलीला ओकायला लावलं आणि सलाईन जोडलं. मग म्हणाल्या, "एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, एखाद्याची मूत्रपिंडं बंद पडतात. आधी सांगता येत नाही. वाट पाहत बसला नाहीत, हे बरं केलंत."

दोन दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तानुबाई बिजलीच्या गळ्यात हात घालून रडल्या. "माझंच चुकलं गं बाय," म्हणाल्या. खरं तर माझंही चुकलं होतं. ज्या अक्षरांनी तिला वाचवलं, त्यांचीच मला लाज वाटायची.

घरी आल्यावर त्यांनी मला धुतलं आणि इथे टांगलं, चित्र भिंतीकडे आणि पाठ बाहेर. दादासो आता दुकानात गेले की आधी नव्या गोणीची पाठ वाचतात.

मित्रांनो, तुमच्या घरी मुकं जनावर असेल, तर आमची पाठ वाचा. ती त्याला वाचता येत नाही. आणि आमच्यात दुसरं काही भरण्याआधी त्याची आठवण ठेवा.

बिजली अजून येते, मला हुंगते, शेपटी हलवते. काही मिळत नाही, म्हणून उड्या मारत निघून जाते. रिकामं असण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.