पहिल्याच ठिणगीवर शिक्का

मित्रांनो, मी एक जुने लेसर यंत्र आहे. जुने, मोडके नव्हे! हे आधीच सांगून टाकते, कारण कुमासी शहरातल्या या प्रयोगशाळेत मला खोटारडे ठरवले गेले, आणि मी तर जन्मात खोटे बोललेले नाही.

माझे काम सोपे आहे. समोरच्या वस्तूवर मी किरणाचा टोला मारते. टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी उडते. तिच्या उजेडात प्रत्येक धातू आपापला रंग दाखवतो आणि वस्तू कशाची बनली आहे ते मी सांगते. मात्र पहिली ठिणगी वरचा मळच दाखवते. एकाच जागी वीस ठिणग्या पाडल्या, की आतले खरे कळते. मला सांभाळणाऱ्या मॅडम बोआतेमा रोज माझी काच पुसत आणि म्हणत, "वीस म्हणजे वीस. एकोणीस नाही!"

आग्या बादू, म्हणजे आपले बादूबाबा, हे भांडी ओतणारे जुने कारागीर. भंगार वितळवून पातेली ओतायची आणि राखेने घासून लख्ख करायची, हा त्यांचा धंदा. एका शाळेने पोरांच्या जेवणासाठी त्यांच्याकडून चाळीस पातेली मागवली. ती तपासायला आणली तो नेमका शनिवार. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारीच होतात आणि सगळे त्यांना जातात. मॅडम गावी गेलेल्या. तपासनीस असामानीही शोकाचे काळे कापड पांघरून निघायच्या घाईत. त्यांनी दर पातेल्यावर एकच ठिणगी पाडली.

"वा! शिसं नाही. मारा शिक्का!"

अहो, ती राख होती, राख! पण मला विचारतील तेवढेच मी बोलणार. एक पातेले नमुना म्हणून इथे राहिले, बाकीची शाळेत गेली.

गुरुवारी मॅडम परतल्या. त्यांनी नमुन्यावर वीस ठिणग्या पाडल्या आणि शिशाचा जांभळा रंग ठळक उमटला. असामानी काय म्हणाले असतील?

"मॅडम, यंत्र म्हातारं झालंय, बरळतंय. शनिवारी एक बोलतं, आज भलतंच!"

चूक यांची आणि बदनाम मी! असामानींनी माझ्यावर फडके टाकले, वर कागदांचा गठ्ठा ठेवला.

बातमी ऐकून आग्या बादूही तणतणत आले. "तीस वर्षं ओततोय मी. हा डबा मला शिकवणार?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आग्या, घरी तुम्ही कशातलं जेवता?"

"माझ्याच पातेल्यातलं! नात तर बूड खरवडून खाते."

"मग तेच आणा."

त्यांनी ते आणले. गठ्ठा हटला, फडके उडाले. ठिणग्या त्यांनी स्वतः मोजल्या. विसाव्या ठिणगीला पडद्यावर तोच जांभळा रंग. आग्यांनी पातेले हातात घेऊन त्याचे बूड पाहिले.

"जुन्या बॅटरीतले शिशाचे तुकडे टाकले की रस साच्यात झरझर उतरतो," ते पुटपुटले. "उस्तादानं शिकवलं होतं. नातीला मीच त्यातलं वाढत होतो, मॅडम."

ते तिथून थेट शाळेत गेले. संध्याकाळी हातगाडीवरून एकोणचाळीस पातेली परत आली. असामानी अजूनही मलाच म्हातारे म्हणतात.

मित्रांनो, मला हार घालू नका, माझी काच पुसली नाही तरी चालेल. पण विचारलेत, तर उत्तर पुरते ऐकून घ्या. परत आलेल्या त्या पातेल्यांतल्या सहांच्या बुडाला भात चिकटलेला होता.