टिंबांची रेघ

मित्रांनो, सुतारकामाचे एक जाडजूड, जुने इंग्रजी पुस्तक म्हणजे मी. वय झाले, पण माझी खरी किंमत किती, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

लोणावळ्याच्या एका साहेबाने मला पंधरा रुपये मोजून विलायतेहून मागवले, काचेच्या कपाटात ठेवले आणि आठ वर्षांत एकदाही उघडले नाही. का, देव जाणे! १९३४ साली साहेब मायदेशी निघाला आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. कपाटाला गिऱ्हाईक मिळाले, मला मिळेना. भजीवाली रतनबाई पुड्या बांधण्यासाठी माझी पाने चाचपू लागली, तसे माझे धाबे दणाणले. तेवढ्यात नवलाख उंबरे गावच्या अंबाजी सुताराने मला चार आण्यांत उचलले. चार आणे! आनंद मानावा की लाज वाटावी, मला कळेना.

घरी त्याची बायको बयाबाई कडाडली, "अवो, तुमास्नी मराठी वाचाया येत न्हाई, आन् ह्ये इंग्रजी कशापायी?"

"चित्रं हायेत की! रेल्वेच्या मिस्त्रीनं खिडकीची चौकट करून दावाया सांगितलीय. जमली तर नोकरी, न्हाईतर मुंबईची गिरणी."

मुंबईचे नाव निघताच बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आले.

अंबाजीने माझ्यातले चौकटीचे चित्र समोर ठेवून काम केले. चित्रात कोपऱ्यावर टिंबांची रेघ होती. पठ्ठ्याने काय करावे? टिंबागणिक एकेक खिळा ठोकला! अरे बाबा, थांब, असे ओरडावेसे वाटले. पण पुस्तकाला तोंड कुठे असते?

दुसऱ्या दिवशी अंबाजीने चौकट आणि मला लोणावळ्याला नेले. रेल्वेच्या इब्राहिम मिस्त्रीने ती चौकट पाहून कपाळावर हात मारला. खिळ्यांनी लाकूड चिरले होते.

"अंबाजी, एवढे खिळे ठोकायला कुणी सांगितलं?"

"ह्या पुस्तकानं, मिस्त्री."

म्हणजे गुन्हेगार मी! मी काय केले होते, मला समजेना.

मिस्त्री माझ्यावर वाकला. "अरे, टिंबं म्हणजे आत लपलेलं लाकूड. ह्या लाकडाचं तासलेलं टोक, म्हणजे जीभ, त्या लाकडाच्या खाचेत बसलीय. बाहेरून दिसत नाही, म्हणून टिंबं. मीही पहिल्यांदा फसलोच होतो. परवा दुसरी चौकट आण."

दुसऱ्या चौकटीत एकही खिळा नव्हता. मिस्त्रीने ती आपटली, पिळली, मग तो तिच्यावर उभा राहिला. चौकटीने हूं की चूं केले नाही! "सोमवारी कामावर ये," तो म्हणाला.

मग अंबाजीने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या टिंबांशेजारी ती लपलेली जीभ वेडीवाकडी काढून ठेवली. माझ्या स्वच्छ पानावर! आधी मला रागच आला.

मित्रांनो, मला वाळवीपासून आणि ओलीपासून जरूर जपा. पण अडलात तर कुणाला विचारा, आणि कळले की ते माझ्या चित्राशेजारी काढून ठेवा. अंबाजीनंतर कितीतरी सुतारांनी मला हाताळले. माझे छापील चित्र सोडून सगळे आधी ती पेन्सिलने काढलेली जीभच पाहतात. त्या टिंबांवर पुन्हा कुणी खिळा ठोकला नाही.