पायऱ्यांचे गुण

इंदूचा दहावा चेंडू उंच गेला, एक टप्पा खाऊन झेंड्याच्या दांडीपासून दोन हातांवर थांबला, आणि रेणुकादासांनी मान खाली घालून पॅडवर शून्य लिहिलं.

"शून्य कशाला सर?" मागे खुर्चीत बसलेल्या शिवमूर्तींनी विचारलं.

"डोकं उचललं तिनं. चेंडू निघायच्या आत. मुद्दा क्रमांक अकरा."

"आवो पर चेंडू तर दांडीला टेकायलाच आला की."

"त्याचे चार दिलेत, निकालाच्या रकान्यात. हा पद्धतीचा रकाना आहे."

मैदान शिवमूर्तींचं, खुर्च्या त्यांच्या, चहाचा थर्मासही त्यांचाच. पण गुण देणाऱ्या माणसापुढे लातुरात कुणी बोलत नाही. डाळमिल मुलाच्या हाती सोपवून ते पुण्याला लेकीकडे महिनाभर राहिले होते, तिथं गोल्फ बघून आले, आणि औसा रोडवरच्या त्यांच्या बारा एकर मुरमाड पडीकावर त्यांनी पाच झेंडे रोवले, एक पत्र्याची शेड टाकली. गवत निम्म्या ठिकाणी उगवलं, निम्म्या ठिकाणी उगवलंच नाही. खेळायचं कसं हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मग या गावात जे करतात तेच केलं: सरांना गाठलं.

रेणुकादासांनी एकतीस वर्षं गणिताचे क्लासेस चालवले होते. त्यांनी दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि नोट्स काढल्या. स्विंगचे बेचाळीस मुद्दे, स्पायरल बाइंडिंग, शेवटी सराव चाचण्या. अंगठा कुठं, कोपर किती वाकवायचं, वजन कोणत्या पायावरून कोणत्या पायावर कधी न्यायचं, सगळं आकृत्यांसकट. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पोहायला शिकायचं म्हटलं तरी इथं आधी नोट्स निघतील आणि रविवारी टेस्ट होईल.

आता नांदेडकरांनी सामन्याचं बोलावणं धाडलं होतं. चार खेळाडू हवे होते. शिवमूर्ती, औशाचे मल्लिनाथ आणि दातांचे डॉक्टर राघवेंद्र हे तिघं ठरलेलेच होते. चौथ्या जागेसाठी दोनच नावं होती, सर आणि त्यांची बायको इंदू. म्हणून शंभर गुणांची परीक्षा ठेवली. दहा चेंडू. पद्धतीला साठ, निकालाला चाळीस, म्हणजे झेंड्याभोवतीच्या रिंगणात पडलेल्या चेंडूला चार. बायकोला सरांनी तपासलं आणि सरांना डॉक्टरांनी. डॉक्टर सरांचेच जुने विद्यार्थी, त्यांनीही नोट्स मांडीवर उघडून एकेक मुद्दा ताडून गुण दिले होते.

रेणुकादासांनी बेरीज केली. दोनदा केली.

"इंदू, पद्धत नऊ, निकाल बत्तीस. एक्केचाळीस. आणि मला छप्पन्न अधिक आठ. चौसष्ट."

"म्हणजे माझे आठ चेंडू रिंगणात गेले," इंदू म्हणाली, "आणि तुमचे दोन."

"निकाल नंतर येतो गं. पाया आधी पक्का लागतो. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण देतातच ना पेपरात? आणि पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं, तर तपासणारा कॉपी समजतो." ते हसले. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, आणि तीच खरी पंचाईत होती. "तू चल की राखीव म्हणून. मस्त फिरणं होईल."

इंदूनं स्टिक जमिनीला टेकवली. जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई ती. सहसा आवाज चढवायची नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'सर आणि सौ.' असंच छापून यायचं, त्यातली ती सौ. कुठंही गेली की पुढच्या रांगेत खुर्ची मिळायची, पण ती खुर्ची सरांची असायची. या वर्षभरात पहिल्यांदा तिला एक गोष्ट अशी सापडली होती, जी तिची तिला येत होती. सकाळी सर शेडमध्ये बसून मुद्द्यांत दुरुस्त्या करत, तेव्हा ती मोकळ्या मैदानावर एकटीच चेंडू मारायची. नोट्स वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा ती रोज घरी विसरून यायची. पहिले तीन दिवस चुकून विसरली. पुढं मुद्दाम.

"राखीव म्हणून मी येणार नाही," ती म्हणाली.

"अगं, चिडू नकोस. पुढच्या वर्षी—"

"पुढचं वर्ष कुणी बघितलंय? शिवमूर्ती अण्णा, नांदेडला गुण कोण देणार आहे?"

शिवमूर्तींनी चहाचा कप खाली ठेवला. "कोन न्हाई वहिनी. चेंडू कुठं पडला तेवढंच बघतेत."

"मग इथंही तेवढंच बघा. सात सात चेंडू. तिसरा झेंडा, त्याच्याभोवती फक्कीचं रिंगण आहेच. आत पडला तर एक, बाहेर पडला तर शून्य. पॅड बाजूला ठेवा."

"परीक्षा एकदा झाली की झाली," रेणुकादास म्हणाले.

"फेरपरीक्षा असते. तुम्हीच घ्यायचात."

डॉक्टर खाली बघून हसले. शिवमूर्तींना मनातून हेच हवं होतं. नांदेडला दोन चेंडूवाला माणूस घेऊन जायचा या विचारानं त्यांना सकाळपासून घोर लागला होता, फक्त सरांना सांगणार कोण? "होऊन जाऊ द्या की सर," ते म्हणाले. "तुमाला काय भ्याव हाय? टॉपर तुमी."

पहिल्या दोन चेंडूंतच काय व्हायचं ते दिसलं. इंदू उभी राहिली, झेंड्याकडे एकदा निवांत बघितलं, अंगणात सडा टाकावा तसे हात मोकळे सोडले, आणि दोन्ही चेंडू रिंगणात. रेणुकादास उभे राहिले. अंगठा बसवला. तो तसाच ठेवून कोपर बघितलं. कोपर बघताना अंगठा हलला, तो परत बसवला. ओठ हलत होते. गुडघे, कंबर, डावा खांदा. इतकं सगळं जमवून आणेपर्यंत झेंडा त्यांच्या डोक्यातून पार गेलेला असे. पहिला चेंडू मुरुमात वीस पावलं घरंगळला. दुसरा उजवीकडे बाभळीत गेला.

"मुद्दा सतरा चुकला," रेणुकादास म्हणाले. "मनगट लवकर उघडलं. आता समजलं."

त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. जानेवारीतल्या सकाळी. इंदूनं तो बघितला आणि तिला जिंकायची चवच गेली. ज्या माणसाला हरवायचं तो इथं उभाच नव्हता. त्याच्या जागी बेचाळीस मुद्द्यांचा गठ्ठा उभा होता. त्याला हरवून काय मिळवायचं?

"अहो," ती जवळ गेली. "तुम्ही वर्गात खडू मारायचात, तो कसा मारायचात?"

"आता ते कशाला मध्येच?"

"राघवेंद्र, तू सांग."

डॉक्टरांनी आपसूक कपाळाला हात लावला. "मी तिसऱ्या बाकावर होतो वहिनी. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असायचे. मी जरा शेजारच्याशी बोललो की नुसते वळायचे, आणि खडू इथं. वर्षात एकदासुद्धा चुकला नाही. शेजारच्याला लागला, असं कधी झालं नाही."

"खडू धरताना अंगठा कुठं असायचा?" इंदूनं विचारलं.

रेणुकादासांनी उजवा हात वर केला, बोटं जुळवून बघितली. पुन्हा जुळवली. "सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तो वेगळा विषय आहे."

"विषय एकच आहे. तुम्ही हाताकडे बघतच नव्हतात. पोराच्या कपाळाकडे बघत होतात. मी तेवढंच करते. मला दुसरं काही येत नाही."

"हे कशाला सांगतेस मला? तू पुढं आहेस."

"कारण मला तुमच्याशी खेळायचंय. तुमच्या नोट्सशी नाही."

तिसऱ्या चेंडूला रेणुकादास उभे राहिले तेव्हा ओठ हलत होतेच. मग थांबले. त्यांनी झेंड्याकडे बघितलं, त्या नजरेनं एकेकाळी अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि फार विचार न करता स्टिक फिरवली. कोपर वाकडं गेलं, डोकं वर आलं, पाय भलतीकडेच सरकला. चेंडू रिंगणात पडला.

"आयला," शिवमूर्ती हळूच म्हणाले.

चौथाही आत. पाचवाही. साठीच्या पुढचा माणूस चेंडू पडेपर्यंत पोरासारखा टाचा उंचावून बघत होता. इंदूला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ भीती वाटली. आपल्याच हातानं आपण हे करून ठेवलं. तिचे तिसरा आणि चौथा आत पडले होते, पाचवा रेघेबाहेर गेला, सहावा आत पडला. रेणुकादासांचा सहावाही आत. तिचा सातवा चांगला निघाला होता, पण टप्पा दगडावर बसला आणि चेंडू उडून रिंगणाबाहेर पडला. तिचे पाच झाले. त्यांचे चार, आणि एक चेंडू बाकी.

रेणुकादास शेवटच्या चेंडूपाशी आले. त्यांनी झेंड्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. आणि मग मान खाली घालून ते अंगठा बसवू लागले. कोपर. गुडघे. ओठ हलायला लागले.

इंदूच्या लक्षात यायला क्षणभर लागला. चार चेंडू ओळीनं टाकलेला माणूस परत अंगठ्याकडे कशाला वळेल? ते जागा तिला देऊन टाकत होते. लग्नाच्या छत्तीस वर्षांत त्यांनी तिला पुष्कळ गोष्टी दिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ती कशी वापरायची तेही सांगितलं होतं. तिचं डोकं फिरलं.

"थांबा. वर बघा."

"बघतोय की."

"पायाकडे बघताय तुम्ही. झेंड्याकडे बघा. मला दिलेली जागा नको आहे. दिलेली घेऊन मी परत तुमची सौ. म्हणूनच जाणार."

रेणुकादासांचा चेहरा लाल झाला. चोरी पकडली गेल्यावर विद्यार्थ्याचा व्हायचा, तसा. त्यांनी पाय झटकले, मान वर केली आणि रागानंच मारला. चेंडू सरळ गेला आणि झेंड्याच्या पायथ्याशी पडला.

पाच-पाच.

डॉक्टरांनी सवयीनं नोट्सचं शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि तसंच मिटलं. पण शिवमूर्तींनी बघितलं होतं. "काय लिवलंय डॉक्टर?"

"समान गुण झाल्यास," रेणुकादासच बोलले, त्यांना पाठ होतं, "पद्धतीचे गुण जास्त असतील तो पुढं."

"म्हंजे तुमी."

"म्हणजे मी." त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. "नियम मीच केलाय इंदू. मला कसा मोडता येईल?"

"तुम्ही मोडू नका," इंदू म्हणाली. "मी मोडते."

तिनं बादलीतून एक चेंडू उचलला आणि गवताच्या तुकड्यावर ठेवला. कुणाची परवानगी विचारली नाही. हातांकडे ती बघतच नव्हती. झेंडा वाऱ्यानं एकदा फडफडला, खाली लोंबला, आणि तिनं मारला. चेंडू पडेपर्यंत तिनं डोळा हलवला नाही. दांडीपासून चार पावलांवर, रिंगणात.

"आता तुम्हाला मारायचा तर मारा," ती बाजूला होत म्हणाली. "नाहीतर नियम घेऊन नांदेडला जा."

रेणुकादासांनी बादलीकडे बघितलं. मग पॅडकडे, जे खुर्चीवर पालथं पडलं होतं. त्यांनी चेंडू घेतला. इंदू त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली, एवढ्याचसाठी, की ते खाली वळतात का. डोळे वळले नाहीत. ते झेंड्यावर होते, आणि त्यांच्यात दयामाया काही नव्हती. त्यांना जिंकायचं होतं. तिला बरं वाटलं.

स्टिक फिरली. चेंडू चांगला उडाला, पण शेवटी जरा उजवीकडे वळला आणि फक्कीच्या रेघेपलीकडे दोन पावलांवर जाऊन थांबला.

सगळे थांबले. चेंडू का वळला, हे सर आता सांगतील म्हणून. वर्षभरात त्यांचा एकही चेंडू कारण दिल्याशिवाय पडला नव्हता. डॉक्टरांनी तर ऐकण्यासाठी मानही पुढं केली होती. रेणुकादासांनी रुमाल काढून स्टिकचं पातं पुसलं, दोन्ही बाजूंनी, आणि स्टिक पिशवीत ठेवली.

"नांदेडची जीप किती वाजता निघणार अण्णा?" इंदूनं विचारलं.

"पहाटं पाचला. अहमदपूरला चहा घेऊ. तुमास्नी घरून घ्यावं का वहिनी?"

"नको. मी चौकात येऊन थांबते," ती म्हणाली, आणि सात अधिक एक असे आपले आठ चेंडू वेचायला मैदानात उतरली.