भंडारा झटकलेला हात

मी भंडाऱ्याची पिशवी बोलतेय. हळूच बोलते, कारण माझा जीव अजून थाऱ्यावर नाही.

एका काळ्या बकऱ्याच्या कातड्यातून माझा जन्म झाला. मंगळवेढ्याच्या चांभारानं मला शिवलं, बिरोबापुढं माझ्या पोटात हळद भरली, आणि तेव्हापासून मी मंद्रूपजवळच्या धनगरवस्तीवर म्होरक्या सिद्धाप्पाच्या कमरेला आहे. लग्न असो, बारसं असो, मेंढी व्यालेली असो, माझीच चिमूट लागते. हे झालं सुखाचं. पण माझं आणखी एक काम आहे आणि त्याला मी फार भिते. माझ्यातला भंडारा उचलून माणूस शपथ घेतो. ती मोडली तर देव मेंढरं नेतो, लेकरं नेतो, हे वस्तीवर सगळे धरून चालतात.

मागच्या निवडणुकीत इनामदार मुंबईच्या कौन्सिलासाठी उभे राहिले. ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मत, त्यामुळं वस्तीवर मत असलेले थोडेच. इनामदारांच्या माणसानं त्या सगळ्यांना भंडारा उचलायला लावला, की मत इनामदारांनाच. बदल्यात बंद झालेलं गायरान खुलं करून देतो म्हणाला. वस्तीनं शब्द पाळला. इनामदार निवडून आले आणि मुंबईला गेले ते गेलेच. गायरान बंदच राहिलं. आत शिरलेली मेंढरं कोंडवाड्यात जाऊ लागली. सिद्धाप्पा गाऱ्हाणं घेऊन गेला की दारावरचा गडी सांगायचा, "सायेब कामात हायेत."

यंदा पुन्हा निवडणूक आली आणि इनामदार स्वतःच वस्तीवर हजर. सिद्धाप्पानं घोंगडं अंथरलं, त्यावर ते बसले, भोवती मत असलेली माणसं जमली.

"काढा भंडारा," ते हसत म्हणाले. "मागच्यासारखंच."

सिद्धाप्पाचा हात माझ्या तोंडाशी आला तो घामानं ओला. मेंढरं पाणी पीत ती विहीर इनामदारांचीच. नाही म्हणावं तर मेंढरं तहानेनं मरणार. हो म्हणावं तर पुन्हा तोंड बांधून बुक्क्यांचा मार.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली सिद्धाप्पाची बायको मायाक्का उठली. तिला मत नव्हतं. पदर डोक्यावर ओढून ती म्हणाली, "सरकार, आमी उचलतोच की. पर यंदा तुमी बी उचला. गायरान खुलं करतो म्हणून."

सिद्धाप्पा कुजबुजला, "गप की गं. हीर बंद करतील." मला वाटलं, भरलंच आता.

पण इनामदार रागावले नाहीत. "त्यात काय मोठंसं?" म्हणत त्यांनी माझ्यात हात घातला, मूठभर भंडारा घेतला, धडाधडा शपथ बोलून मोकळे झाले. मग मूठ सोडली, हात झटकले आणि राहिलेली हळद रुमालाला पुसली.

आमच्यात भंडारा कुणी झटकत नाही. कपाळाला लावतात, उरला तर लेकराच्या डोक्यावर ठेवतात. मी आजवर थरथरते हातच पाहिले होते. हा हात जराही थरथरला नाही, आणि त्या वेळी मला जी भीती वाटली ती बिरोबाचीही कधी वाटली नव्हती. ज्याला शपथेचं भय नाही, त्याला माणसांनी बांधायचं तरी कशानं?

सगळ्यांनीच ते पाहिलं. म्हातारा संगप्पा वाकून घोंगड्यावरची हळद गोळा करत कपाळाला लावू लागला. सिद्धाप्पानं माझी दोरी आवळली.

"सरकार, यंदा शपथ न्हाय," तो म्हणाला. "ज्येचं मत त्येच्यापाशी."

इनामदार उठले. "पाणी कुणाचं पिता, तेवढं ध्यानात ठेवा," म्हणाले आणि गेले.

मतदानादिवशी सिद्धाप्पानं मला कमरेची सोडून खोपटाच्या मेढीला टांगलं. मला मागं ठेवून तो कधी कुठं गेला नव्हता. विहिरीवर पाणी अडवायला इनामदारांचा माणूस बसला होता आणि मी दिवसभर मेंढरांचं ओरडणं ऐकत लटकत राहिले. तिन्हीसांजेला सिद्धाप्पा परतला.

"कुनाला दिलं?" मायाक्कानं विचारलं.

"ज्येला द्यायचं त्येला."

निकाल अजून लागायचाय. मेंढरं ओढ्यात खणलेल्या झऱ्यावर जातात, तिथं पाणी जेमतेम आहे. बाबांनो, माझं एवढं ऐका. तुम्हाला शपथ घालायला कुणी आला, तर आधी त्यालाच घ्यायला लावा, आणि नंतर त्याच्या तोंडाकडं नको, हाताकडं बघा.

त्या संध्याकाळी मला पुन्हा कमरेला बांधताना सिद्धाप्पाची बोटं कापत होती. पण मत कुणाला दिलं, ते त्यानं मलासुद्धा सांगितलं नाही.