अकरा कार्डं

सांगलीत हळदीचं मलम करणाऱ्या मानसिंगशेठनी आम्रपालीला बी.एस्सी. झाल्या झाल्या कामावर घेतलं, ते मलम तपासायला. पण १९९४ च्या दिवाळीआधी तिच्यापुढं जाहिरातीचा कागद आला.

"मॅडम, पेपरातली जाहिरात लोक नुसती उलटून टाकत्यात. घरी आलेलं पत्र मातर जपून ठेवत्यात," शेठ म्हणाले. "दोन्हीची गाठ मारायची. पेपरात नि केबलवर डबी दाखवायची, आन् त्याच आठवड्यात दारात पोस्टकार्ड."

कार्डाचा मजकूर असा : मलमाची डबी घरात ठेवणाऱ्या बाईचं भलं झालं. तुम्हीही ठेवा आणि हेच अकरा जणांना लिहून कळवा.

आम्रपालीला त्यातलं गणित आवडलं. दहांतल्या एकानंच लिहिलं तर साखळी जेमतेम तग धरेल, असं तिनं काढून दाखवलं. शेठनी खाली एक ओळ घातली : जिनं पत्र फाडलं, तिचं एकुलतं लेकरू महिन्यात गेलं.

"आता किती लिवतील?"

तिनं तिघांतला एक धरला. पन्नास कार्डं सोडली की चौथ्या फेरीला नऊ हजार. आकडा बघून तिला चक्क हसू आलं.

पंधरा दिवसांनी ती इस्लामपूरला घरी गेली, तर आई, लक्ष्मीबाई, स्वयंपाकघरात कार्डं मांडून बसलेली. वाकडी अक्षरं, शाईनं माखलेली बोटं. सात लिहून झाली होती.

"तुज्या बाबांना सांगू नगंस. बौद्धाच्या घरात असलं चालायचं न्हाई म्हणून वरडतील. पर मला तू एकलीच हायेस गं."

त्या ओळीची, शेठची आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या आकड्याची आम्रपालीला किळस आली.

"आई, खोटं हाय हे. आमच्याच कारखान्यातनं निघालंय. कितीजण भितील, ते मी काढून दिलंय."

"ह्येच शिकलीस व्हय कालिजात?" आई म्हणाली. पण कार्डांवरचा हात तिनं काढला नाही. "तू केलंस म्हणून माजं भ्या जातंय व्हय? लिव उरलेली. तुजं अक्षर चांगलं हाय."

आम्रपालीनं चार कोरी कार्डं ओढली. प्रत्येकावर लिहिलं : अकरा पत्रांची ही गोष्ट खोटी आहे. मलम खपवायला ती रचली, आणि रचणाऱ्यांत मी होते. खाली पूर्ण नाव, पत्ता. नोकरी गेलीच, हे तिला पहिल्याच कार्डाला कळलं होतं.

आईनं शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं. "ब्येस केलंस," म्हणाली. मग हळूच विचारलं, "पर ही चार अकरात धरतील न्हवं?"