बावीस प्रकरणं आणि तीन टक्के

अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी ती बाई एरवी शांत, पण त्या सोमवारी सकाळीच तिचा पारा चढला होता. बावीस प्रकरणांतली खरखर काढायची होती, संध्याकाळी सहाला शाळेची माणसं येणार होती आणि नवाकोरा कॉम्प्युटर जुन्यासारखाच रखडत होता. एका प्रकरणाला अर्धा तास!

कॉम्प्युटर दिराने निवडलेला. तो विमा कचेरीत कारकून, पण अक्कल पाजळायला कुठलाही विषय चालायचा. तिने फोन लावला.

"भावजी, सोळा कोअरचा घ्या म्हणालात. सोळापट पळेल म्हणालात!"

"पळायलाच हवा, वहिनी. एक कोअर म्हणजे एक कामगार समजा."

"मग बाकीचे पंधरा कुठे उलथलेत?"

"थ्रेड बत्तीस आहेत बघा, म्हणजे प्रत्येक कामगाराला दोन हात. शिवाय गिगाहर्ट्‌झ..."

तिने फोन आपटला आणि समोरच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीला बोलावलं. ती मितभाषी बाई आली, तिने दोन बटणं दाबली आणि पडद्यावर बोट ठेवलं. प्रोसेसरचा वापर : तीन टक्के.

"तीन? मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय, आणि हा तीन टक्के?"

"प्रोग्रॅम जुना आहे. त्याला एकच कोअर वापरता येतो, काम वाटून देता येत नाही. आणि एकेका कोअरचा वेग तुमच्या जुन्या मशीनएवढाच."

"म्हणजे एकाने मरमर मरायचं आणि बाकीच्यांनी मजा बघायची. आमच्या घरासारखंच झालं!"

दुरुस्तीवाली हसली नाही. "एका प्रकरणाचं काम दुसऱ्यावर अडतं का?"

"नाही."

"मग प्रोग्रॅम एकाच वेळी अकरा वेळा उघडा. प्रत्येकाला एकेक प्रकरण द्या."

बाईने कपाळाला हात लावला. एवढंच होतं तर!

चाळीस मिनिटांत अकरा प्रकरणं निघाली, जेवणाच्या सुमारास उरलेली अकरा. तेवढ्यात दिराचा फोन. "काय वहिनी, पळतोय ना? मी सांगत नव्हतो?"

तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण प्रत्येक प्रकरण कानांनी तपासायचं बाकी होतं, आणि ते कुठलंही मशीन करणार नव्हतं.

"भावजी, अर्धी रजा टाका आणि हेडफोन घेऊन या. पहिली अकरा तुम्ही ऐका."

"मी? अहो, मला त्यातलं काय कळतं?"

"हे तुम्ही आज पहिल्यांदाच म्हणालात," ती म्हणाली. "या लवकर."

तो कुरकुरत आला. सातव्या प्रकरणात वाचणाऱ्याचा खोकला मात्र त्यानेच पकडला.